नळावरच्या मोटारी जप्त, साहेबांची टाकी ओसंडलेली: एका नगरपरिषदेतलं पाण्याच्या नियमाचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यात, गिरणेच्या खोऱ्यातल्या एका नगरपरिषदेत २०२४ च्या उन्हाळ्यात हे घडलं. गावाचं नाव दिलेलं नाही. माणसांची ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. नगरपरिषदेची कागदपत्रं, दोन्हीकडच्या लोकांशी झालेलं बोलणं आणि नंतरच्या बैठकांत जे ऐकायला मिळालं त्यावर ही मांडणी बेतली आहे.

पार्श्वभूमी

गिरणा धरण आहे नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. पण त्याच्या साठ्याच्या आकड्यावर डोळे लावून बसतो तो चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडचा पट्टा. धरणातून नदीच्या पात्रात आवर्तन सुटतं, ते बंधाऱ्यांवर अडतं आणि पाणीयोजना तिथून उचलतात. २०१९ साली धरण काठोकाठ भरलं होतं. २०२३ चा पावसाळा मात्र हात आखडता घेऊन गेला, धरण भरलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात आवर्तनं काटकसरीने सोडावी लागणार, हे दिवाळीतच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आवर्तन लांबलं की गावातला पाण्याचा दिवस लांबतो. या गावात तो हिवाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी येत असे, एप्रिलअखेर आठव्या-नवव्या दिवसावर गेला. पाण्याच्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नाही. ड्रम, हंडे, कळशा, सिमेंटची टाकी, जमेल ते भरून घ्यायचं. चुकलं तर पुढचे आठ दिवस शेजाऱ्यांची मनधरणी, नाहीतर टँकरवाल्याला पैसे.

आता मोटरीचा प्रश्न. एकमजली घराच्या नळाला नीट पाणी यायचं तर वाहिनीत निदान सात मीटर उंचीचा दाब हवा, असं केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत म्हटलं होतं. दुमजलीला बारा मीटर. दाबमापकावर सात मीटर म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ०.७ किलो. या गावात टाकीजवळच्या पेठेत तेवढा दाब मिळतो. नाल्यापलीकडच्या वस्तीत, जिथे वाहिनी संपते तिथे, काटा जागचा हलत नाही. मग कोणीतरी नळाला टिल्लू मोटर लावतो. ती वाहिनीतलं पाणी ओढून घेते, पुढच्या घराला नुसती हवा येते, म्हणून पुढचाही मोटर आणतो. गल्लीत चार मोटारी चालल्या की पाचव्याला मोटरीवाचून पाणीच नाही. त्यातून आणखी एक धोका असतो. मोटर ओढायला लागली की वाहिनीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटारीचं पाणी आत शिरतं. पहिली दहा मिनिटं येणारं गढूळ पाणी, ‘वास येतो’ ही तक्रार, वस्तीतली जुलाबाची साथ, यांच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

म्हणजे मोटरबंदीचा नियम चुकीचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात लोकांनी नियमालाच खोटं ठरवलं आणि नगरपरिषदेनेही तो नीट समजावून सांगितला नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. नगरसेवकांची मुदत संपून बराच काळ लोटला होता, निवडणुका लांबल्या होत्या आणि कारभार प्रशासकाकडे होता. एरवी पाण्यावरून राग आला की लोक वॉर्डाच्या नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन चार शिव्या घालतात, तो पाणी सोडणाऱ्या वॉलमनला फोन लावतो, अर्धा राग तिथेच जिरतो. ती झडप बंद होती.

समस्या

एप्रिलच्या मध्यात नगरपरिषदेने रिक्षावर भोंगा लावून सूचना फिरवली: नळाला मोटर लावल्यास मोटर जप्त, दोन हजार दंड, दुसऱ्यांदा सापडल्यास नळजोडणी तोडणार. दुसऱ्याच आठवड्यात भरारी पथक निघालं. पहाटे पाणी सुटल्यावर गल्लीत शिरायचं, मोटरीचा आवाज ऐकायचा, दार वाजवायचं, पंचनामा करायचा, मोटर उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकायची. जप्तीची यादी नावानिशी नगरपरिषदेच्या फलकावर लागे. तीन आठवड्यांत साठच्या आसपास मोटारी जमा झाल्या.

यादी वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. चारपाच नावं सोडली तर सगळी नाल्यापलीकडच्या वस्तीतली. यात कोणी डाव साधला होता असं मला वाटत नाही. टाकीजवळच्या घरांना मोटरीची गरजच कमी, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या घराला कंपाउंड, आत पोर्च, त्याच्या आत बंद खोलीत मोटर. आवाज रस्त्यावर येत नाही आणि फाटक ओलांडून आत जायची पथकाची छाती होत नाही. वस्तीतलं घर मात्र दार उघडलं की रस्त्यावर, मोटर उंबऱ्याशी. नियम सगळ्यांना एकच, पण तो लागू पडायचा दाराच्या रुंदीप्रमाणे.

जप्त झालेल्यांत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. नवरा नाही, घरी सासू आणि शाळेत जाणारा मुलगा. मोटर बचत गटाच्या कर्जातून घेतलेली, हप्ते अजून चालू. पथक आलं तेव्हा त्यांनी दाबमापक आणून नळाला लावा असा हट्ट धरला. दाबमापक पथकाकडे नव्हता. पंचनाम्यावर सही करताना त्यांनी खाली ओळ लिहिली, “मोटरीशिवाय नळाला पाणी येत नाही, खात्री करावी.” ती ओळ फाइलमध्ये आजही आहे. त्या ओळीवर कोणी शेराही मारलेला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात एक चित्रफीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागली. पाणीपुरवठा विभागातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं घर. मागच्या बोळातून घेतलेली. गच्चीवरची टाकी भरून वाहतेय, पाणी भिंतीवरून ओघळून जास्वंदीच्या झाडांत जातंय, आणि आतून मोटरीचा घरघर आवाज. चित्रण करणारा अहिराणीत म्हणतो, “आमनी मोटर लई गयात, आन् सायेबनी टाकी दखा कशी वाही ऱ्हायनी.” चाळीसेक सेकंदांची फीत. त्या दिवशी त्या भागाला पाण्याची पाळी नव्हती. लोकांच्या ध्यानात पहिल्यांदा हेच आलं: मोटर आहे ते आहेच, पण पाळी नसताना पाणी आलं कुठून?

दुपारपर्यंत एका नळकारागिराने उत्तर देऊन टाकलं. त्या घराची जोडणी वितरण वाहिनीवर नव्हतीच. शुद्धीकरण केंद्रातून टाकीकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीला सॅडल, म्हणजे भोकावर बसवायचा जोडपट्टा, मारून एक इंची जोडणी घेतली होती. मुख्य वाहिनी रोज चालते, म्हणजे साहेबांना रोज पाणी. बाकी गावाला अर्धा इंची, नवव्या दिवशी.

त्या अधिकाऱ्याची बाजू मी नंतर ऐकली. घर भाड्याचं, जोडणी आधीच्या भाडेकरूच्या काळातली, तो भाडेकरूही त्याच खात्यातला. “मी रात्री दोन वाजता जॅकवेलवर असतो, पाण्याच्या दिवशी घरी भरायला कोण आहे?” हे त्याचं म्हणणं. जॅकवेल म्हणजे पाणी उपसण्याची पंप बसवलेली विहीर. खोटं नव्हतं. मे महिन्यात पंप बंद पडला की रात्रभर तिथे उभा राहणारा माणूस तोच होता. पण पहाटे उसाच्या फडात पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या घरीही भरायला कोणी नसतं, आणि त्याची मोटर ट्रॉलीत पडली होती. स्वतःची अडचण माणसाला कारण वाटते, दुसऱ्याची सबब वाटते. अधिकाऱ्याच्या हाती नियम असला की हा फरक पावतीपुस्तकात उतरतो.

पहिला निर्णय आणि तो का अंगाशी आला

मुख्याधिकारी लोकसभा निवडणुकीच्या कामात होते. जळगाव मतदारसंघाचं मतदान १३ मे रोजी, आचारसंहिता लागू. कार्यालयात जे उरले होते त्यांनी आपल्या परीने वाट काढली. वर्तमानपत्रांना दोन ओळींचं उत्तर दिलं, ‘चौकशी करून उचित कार्यवाही करण्यात येईल’. आणि त्याच रात्री दोन माणसं पाठवून ती जोडणी काढून टाकली. खड्डा बुजवून वरून सिमेंट थापलं. मोटरही हलवली.

प्रशासनाच्या नजरेतून चूक दुरुस्त झाली होती. बेकायदा जोडणी राहिली नाही, मोटर राहिली नाही, मग प्रश्न कसला?

सकाळी लोकांनी त्या ओल्या सिमेंटचे फोटो काढले. माझ्या मते गावाचा तोल गेला तो इथे, चित्रफितीने नव्हे. चित्रफितीपर्यंत सूर चेष्टेचा होता. नगरपरिषदेच्या भिंतीवर कोणीतरी खडूने लिहिलं होतं, ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’, आणि खाली दुसऱ्या अक्षरात, ‘इथे पाषाण ओला, लोक कोरडे’. ओल्या सिमेंटनंतर चेष्टा संपली. बचत गटातल्या एक आक्का पुढे बैठकीत जे बोलल्या ते असं: “साहेबांनी पाणी घेतलं त्याचा राग आहेच, पण तो गिळला असता. आमच्या घरी पहाटे आले, पंचनामा केला, नाव फळ्यावर लावलं, पोरगं शाळेत खाली मान घालून बसलं. त्यांच्याकडे रात्री गेले, अंधारात गेले, कागद नाही, नाव नाही. का?”

त्याच दिवशी हंडा मोर्चा निघाला. पन्नाससाठ बाया, मागे तरुण पोरं. मागणी पाण्याची नव्हती, ‘आमच्या मोटारी परत करा’ ही होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पथक वस्तीत गेलं तर गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी आडवी. पथक परतलं. आणि राग निघाला तो वॉलमनवर. तीस वर्षं चावी फिरवणारा, सगळे ‘नाना’ म्हणतात असा माणूस. त्याची सायकल नाल्यात फेकली, चावी हिसकावली. वर्षानुवर्षं वेळापत्रक वरून ठरतं आणि शिव्या नानांनी खाव्यात असा रिवाज आहे. त्या दिवशी तो रिवाज हातघाईवर आला.

आठवड्याभरात वस्तीत मोटारी पुन्हा लागल्या. ज्यांच्याकडे आधी नव्हत्या त्यांनीही आणल्या. पाणीपट्टी भरायला येणारे खिडकीवर विचारू लागले, ‘साहेबांनी किती भरली ते आधी दाखवा.’

हे काही आपल्याच मातीतलं वेगळेपण नाही. २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटिश पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांचा लंडनहून डरहमपर्यंतचा प्रवास उघड झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांची लोकांच्या मनःस्थितीची पाहणी तेव्हा चालू होती, तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. बातमी फुटल्यापासून इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास झपाट्याने उतरला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, जिथली सरकारं वेगळी, तशी घसरण दिसली नाही. विषाणू सगळीकडे तोच होता. विश्वास उडाला तो नियम करणाऱ्या विशिष्ट दारावरचा. त्याच सुमारास आपल्याकडे गृहखात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर एक बडं उद्योजक कुटुंब खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचलं होतं. तिथे सरकारने अधिकाऱ्याला लगेच सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि तसं जाहीर सांगितलं. चूक तिथेही झालीच, पण ती रातोरात सिमेंटखाली गेली नाही.

कोणते मार्ग समोर होते

मतदान आटोपल्यावर मुख्याधिकारी कार्यालयात परतले. टेबलावर जे मार्ग आले ते मी ज्या क्रमाने मांडले गेले त्याच क्रमाने देतो.

पहिली सूचना विभागाकडून: सरकारी कामात अडथळा म्हणून तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा दाखल करावा. सायकल फेकली होती, चावी हिसकावली होती, साक्षीदार होते. कायद्याने जागा होती. मुख्याधिकाऱ्यांनी नानांनाच बोलावून विचारलं. नाना म्हणाले, “साहेब, गुन्हा माझ्या नावाने लागेल. मला उद्या त्याच गल्लीत चावी फिरवायची आहे.” फाइल तिथेच थांबली. मला वाटतं सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता आणि तो घ्यायला सर्वांत कमी पगाराच्या माणसाने मदत केली.

दुसरी: महावितरणला पत्र देऊन पाण्याच्या वेळेत त्या त्या भागाची वीज बंद ठेवावी. मोटर चालणारच नाही, पथकही नको. काही गावांत हे करतात. पण मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास, रात्री दोनपर्यंत भिंती तापलेल्या. माणसाला जेमतेम पहाटे डोळा लागतो, त्याच वेळी पंखे बंद करायचे. शिवाय ज्यांच्याकडे इन्व्हर्टर त्यांची मोटर चालूच. म्हणजे पुन्हा तेच, दाराच्या रुंदीप्रमाणे नियम.

तिसरी: मोहीम गुंडाळावी, मोटारी परत द्याव्यात, पावसाची वाट पाहावी. काही वरिष्ठांचा कल याकडेच होता. त्यात वावगं काय, असं वाटू शकतं. पण वाहिनीत गटार शिरण्याचा प्रश्न खरा होता आणि पहिल्या पावसात तो वाढणार होता.

चौथी: अधिकाऱ्याचं निलंबन. काही लोकांची हीही मागणी होती. इथे एक अडचण लोकांना माहीत नव्हती. नगरपरिषद राज्यसेवेतल्या अभियंत्याला मुख्याधिकारी निलंबित करू शकत नाहीत, ते फक्त नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे प्रस्ताव पाठवू शकतात. प्रस्ताव गेला तरी उत्तर कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तोवर ‘पाठीशी घालतात’ हा आरोप चालू राहणार. उलट दंड आणि जोडणी तोडणं हे पूर्णपणे त्यांच्या हातात होतं. हातात नसलेली शिक्षा मागत बसण्यापेक्षा हातात असलेली उघडपणे करावी, हा मुद्दा एका निवृत्त गुरुजींनी मांडला. ते मोर्चातही होते.

पाचवी सूचना गावातल्या एका वकिलांची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम २१०-ब आलं आहे. ज्यांच्याकडे त्या कायद्याची अंमलबजावणी आहे त्यांनीच गुन्हा केला तर दंड दुप्पट. तसाच ठराव पाण्यासाठी करा, कर्मचारी आणि अधिकारी सापडले तर दोनाचे चार हजार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मात्र उपविधीत नसलेला दंड आज लावता येत नाही, आणि उपविधी बदलायला वरची मंजुरी लागते.

काय केलं

नगरपरिषदेच्या सभागृहात खुली बैठक झाली. मुख्याधिकाऱ्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी सांगितल्या: ती जोडणी बेकायदा होती, आणि रात्री पंचनाम्याशिवाय काढली हे चुकलं. ‘चौकशीअंती’, ‘प्रथमदर्शनी’ असले शब्द त्यात नव्हते. सभागृह शांत झालं असं नाही. उलट आवाज वाढला. पण विषय ‘झालं की नाही’ यावरून ‘आता काय’ यावर आला.

मग सिमेंट फोडलं. गुरुजी, बचत गटाच्या दोन बाया आणि ज्याने चित्रीकरण केलं तो तरुण, यांच्यासमोर दिवसाढवळ्या खड्डा पुन्हा उकरला, मुख्य वाहिनीवरचं सॅडल दाखवलं, मोजमाप घेतलं, पंचनामा लिहिला. तांत्रिकदृष्ट्या हा वेडेपणा होता. काढून झालेली जोडणी कोण उकरून दाखवतं? एका अभियंत्याने तसं बोलूनही दाखवलं. पण तो कागद नसल्यामुळेच तर गाव पेटलं होतं. दंडाची पावती फाडली गेली, रक्कम वस्तीतल्या लोकांना लावली तेवढीच.

पावती फलकावर लावायची का, यावर कार्यालयात दोन दिवस खल चालला. मध्यंतरी एकाने माहितीच्या अधिकारात दंड झालेल्या सर्वांची यादी मागितली होती. माहिती अधिकाऱ्याने उत्तराचा मसुदा केला, कलम ८(१)(जे) खाली ही व्यक्तिगत माहिती, देता येत नाही. मुख्याधिकाऱ्यांनी मसुद्यावर एकच प्रश्न लिहिला: साठ जणांची नावं फलकावर लावली तेव्हा हे कलम कुठे होतं? यादी गेली. अधिकाऱ्याचं नाव इतरांच्याच रांगेत, तारखेच्या क्रमाने आलं. वर नाही, खाली नाही.

त्यानंतर जोडण्यांची तपासणी, आणि या वेळी आतून बाहेर. आधी नगरपरिषदेचे कर्मचारी, मग शासकीय निवासस्थानं, मग माजी नगरसेवक, शेवटी बाकीचे. मुख्य वाहिनीवरून घेतलेल्या जोडण्या डझनभर निघाल्या. तीन कर्मचाऱ्यांच्या, एक माजी नगरसेवकाची, एक मंगल कार्यालयाची, बाकी वाहिनीच्या वाटेवरच्या घरांच्या. काहींना तर आपली जोडणी बेकायदा आहे याचा पत्ताही नव्हता. विसेक वर्षांपूर्वी कोणीतरी पैसे घेऊन जोडून दिली होती.

वेळापत्रकातला बदल लोकांना सर्वांत कमी दिसला आणि पाण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला. वस्तीच्या पाळीला पेठेचा वॉल पूर्ण बंद ठेवायचा, आधी टोकाला पाणी द्यायचं, मग मागे यायचं. नानांनी हे गणित कागदाशिवाय तासाभरात सांगितलं. त्यांना ते कधी कोणी विचारलंच नव्हतं. दाबमापक विकत आणला आणि दर पाळीला टोकाच्या नळावर लावून आकडा वहीत लिहायचा, शेजारी वस्तीतल्या दोघींच्या सह्या. पहिल्या पाळीला काटा ०.२ वर थांबला. पुढच्या पाळ्यांत, पेठेतल्या मोटारी बंद झाल्यावर, ०.४ ते ०.५ पर्यंत गेला. नियमावलीतल्या सात मीटरपेक्षा, म्हणजे ०.७ पेक्षा कमीच, पण ओट्याखालच्या तोटीला हंडा भरायला पुरेसा.

जप्त मोटारी हमीपत्र घेऊन परत दिल्या. यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. दंड भरलेल्यांना मोटर परत, मग न भरलेल्यांनाही परत, मग भरला त्यांनी काय पाप केलं? शेवटी दंड पाणीपट्टीत वळता करून घेतला. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची मोटर गोदामात ओल लागून गंजली होती, फिरेना. दुरुस्तीचा खर्च त्यांनीच केला. अर्ज दिला होता. नगरपरिषदेकडे अशा खर्चाला ‘लेखाशीर्ष नाही’ असं उत्तर आलं.

परिणाम

वस्तीत मोटारी कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. जिथे दाब सुधारला तिथल्या बायांनी आपण होऊन शेजाऱ्याला टोकायला सुरुवात केली, आणि पथकापेक्षा त्याचा धाक जास्त. उंचावरच्या दोन गल्ल्यांत काहीच फरक पडला नाही. तिथे नवी वाहिनी टाकल्याशिवाय पडणारही नाही. पाणीपट्टीची वसुली जूनपासून हळूहळू मार्गी लागली. नानांना वस्तीतल्या पोरांनी सायकल काढून आणून दिली, चाक मात्र वाकलेलं.

अधिकाऱ्याची जुलैत बदली झाली. आदेशात प्रशासकीय कारण. त्याचा प्रकरणाशी काही संबंध नव्हता असं कार्यालय म्हणतं, शिक्षा म्हणून झाली असं काही लोक म्हणतात, आणि नव्या जागी चोवीस तास पाणी आहे म्हणून बक्षीस मिळालं असंही म्हणणारे आहेत. शिस्तभंगाचा प्रस्ताव गेला होता, त्याचं काय झालं ते गावाला कोणी कळवलं नाही. इथे दंडाची पावती जेवढी बोलली तेवढा तो प्रस्ताव बोलला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोहीम काढण्याआधी आठवडाभर आपली घरं तपासायला हवी होती. त्यात फार शहाणपण लागत नाही. ज्या खात्याकडे जोडण्यांची नोंदवही आहे त्याला मुख्य वाहिनीवर कोणाची सॅडलं आहेत हे निदान अंदाजाने माहीत असतं. या गावात ते माहीत असणारे तिघे तरी होते आणि ते तिघेही पथकात होते. त्यांना विचारणारं कोणी नव्हतं, आणि आपण होऊन सांगायचं तर साहेबांचंच घर.

फलकावर नावं लावण्याबाबत माझं मत गावातल्या बहुतेकांहून वेगळं आहे. साहेबांचं नाव लागलं याचं समाधान सगळ्यांना झालं, पण पहिल्या साठ जणांची नावं लावणंच अनाठायी होतं. दोन हजारांचा दंड पुरेसा असताना वर बदनामी कशाला? ती जोडली म्हणूनच पुढे सगळ्यांना सारखीच बदनामी द्यावी लागली. सारखेपणा दोन्हीकडून साधता येतो. इथे तो वरच्या पट्टीत साधला.

पंचनाम्यावरची ती ओळ, “खात्री करावी”, एप्रिलमध्येच कोणी मनावर घेतली असती तर दाबमापक महिनाभर आधी आला असता. अंमलबजावणी करणाऱ्याला परत येणारा कागद वाचायची सवय नसते, जाणाऱ्या कागदावर सही करायची असते.

रात्रीच्या सिमेंटबद्दल वर लिहिलंच आहे. एवढीच भर घालतो की ज्यांनी तो निर्णय घेतला ते लबाड नव्हते. मुख्याधिकारी नाहीत, आचारसंहिता आहे, वरून काही आदेश नाही, अशा वेळी कारकुनी मन ‘निदान चूक तरी काढून टाकू’ असा विचार करतं. त्या दिवशी कोणी मुख्याधिकाऱ्यांना निवडणूक केंद्रावर फोन करून ‘पंचनामा करून काढू का’ एवढं विचारलं असतं तर हो म्हणायला त्यांना अडचण नव्हती. आचारसंहितेत पंचनाम्याला मनाई नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये मोहीम पुन्हा निघाली, या वेळी कर्मचारी वसाहतीपासून. पहिल्या सकाळी दोन मोटारी सापडल्या, एक लेखा विभागातल्या लिपिकाची. पंचनामा झाला, पावती फाटली, नावं कोणाचीच लावली नाहीत. दुप्पट दंडाच्या उपविधीचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत अभिप्रायासाठी पडून आहे. माजी नगरसेवकाने जोडणी तोडण्याविरुद्ध न्यायालयातून ‘जैसे थे’ आणलं आहे, त्यामुळे मुख्य वाहिनीवरची ती एक जोडणी अजून चालू आहे.